अर्धवट खाचेतले नवे पाते

वैशाखात काही आठवडे बंद राहिलेल्या करवतीच्या टाकीतले पाणी नासते, आणि तो वास मी डोळे मिटून ओळखीन. तो नासलेल्या दुधासारखा आंबूस नसतो, गटारासारखा उघडावाघडाही नसतो. ओले लोखंड, जुने तेल आणि कशाचे तरी सावकाश कुजणे यांचा तो मिळून झालेला वास असतो. तो आधी घशाला कळतो आणि मग नाकाला. हुडकेश्वरच्या टोकाला, जिथे नव्या घरांची रांग संपून मोकळे भूखंड सुरू होतात, तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये या उन्हाळ्यात मी अशा एका टाकीचे झाकण उघडले, तेव्हा शेजारच्या कूलरमधून नव्या वाळ्याचा गार, मातकट सुगंध येत होता. दोन्ही वास एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी उभे होते. बाहेर दुपारचे ऊन इतके पांढरे पडले होते की त्याला रंगच उरला नव्हता. मला त्या क्षणी काहीतरी वाटायला हवे होते. सारी उमर ज्या वासात गेली तो इतक्या काळाने समोर आला की माणसाला भरून येते म्हणतात. मला काही वाटले नाही. मी बाह्या दुमडल्या आणि बादली मागितली.

लाकडाची करवत सगळ्यांनी पाहिलेली असते. लोखंडाची सहसा कुणी पाहिलेली नसते. आमच्या धंद्यात तिला बँडसॉ म्हणतात. दातेरी पोलादी पात्याचे एक अखंड कडे दोन मोठ्या चाकांवर ताणून बसवलेले असते आणि ते फिरत राहते. ही चाके वाहणारा यंत्राचा लांब हात स्वतःच्याच वजनाने, एका वॉल्व्हच्या धाकात, हळूहळू खाली उतरतो आणि शिकंज्यात आवळलेल्या सळईतून पार होतो. वरून दुधासारखे पांढरे तेलपाणी ठिबकत असते, खाली चांदीच्या रंगाचा बुरा साचत असतो. या यंत्रात घाईला जागा नाही. ज्याला लोखंड फोडायचे आहे त्याने घण घ्यावा. करवत लोखंडाला समजूत घातल्यासारखी कापते, आणि म्हणूनच तिच्या चुका उशिरा दिसतात. काप तिरपा जाऊ लागला तरी वरून सगळे ठीक भासते. तुकडा गळून खाली पडतो आणि तो उभा करून काटकोन तपासणारा गुण्या लावला की मगच कळते, पाते आत कुठेतरी केव्हाच वाट सोडून गेले होते.

ती शेड वर्षाची. वर्षा ही श्रावणची मुलगी, आणि श्रावण म्हणजे हिंगणा रस्त्यावरच्या ज्या कारखान्यात मी यंत्रदुरुस्तीचा फिटर होतो तिथलाच एक कामगार. त्याच्याविषयी पुढे सांगायचेच आहे. हे सगळे त्याच्याचविषयी आहे. वर्षाने आयटीआय केले, काही वर्षे दुसऱ्यांकडे वेल्डिंग केले आणि आता नवऱ्याबरोबर फाटके, जिने, शेडच्या कैच्या बनवण्याचा स्वतःचा धंदा थाटला आहे. एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून तिने ही जुनी करवत आणली. अक्षय्यतृतीयेला तिची पूजा करून पहिला काप घ्यायचा असे ठरले होते, आणि त्याच्या दोन दिवस आधी तिचा मला फोन आला की मोरूकाका, मशीन तिरपं कापून राहिलं, तुम्ही येऊन पाहता का. मुलाने मला महाल भागातल्या आमच्या घरून स्कूटरवर आणून सोडले आणि तो त्याच्या कामाला गेला.

तिरपे कापणाऱ्या करवतीचे निदान वैद्याने नाडी पाहावी तसे करावे लागते, पण घाईच्या वैद्यासारखे नाही. बहुतेक लोक आधी वॉल्व्ह पिळतात, मग ताण वाढवतात, मग नशिबाला बोल लावतात. मी आधी काहीच करीत नाही. एक काप घेऊ देतो आणि पाहतो. वर्षाने घेतला. पाते सळईत शिरताना सरळ होते, अर्ध्यावर गेल्यावर ते किंचित डावीकडे झुकू लागले, जसा थकलेला माणूस चालता चालता नकळत भिंतीकडे सरकतो. पात्याला सरळ धरून ठेवणारे गाइड कामापासून फार लांब सरकवलेले होते; त्यामुळे मधला सगळा पट्टा निराधार. पात्यावर अडकलेला बुरा झाडून काढणारा तारेचा ब्रश झिजून नुसता दांडा उरला होता, म्हणून बुरा पुन्हा पुन्हा कापात ओढला जात होता. आणि पात्याचे एका बाजूचे दात बोथट होते, दुसऱ्या बाजूचे धारदार. कधीतरी ते शिकंज्याच्या जबड्याला घासले असणार. पात्याची एक बाजू खाते आणि दुसरी खात नाही, तेव्हा ते खाणाऱ्या बाजूकडे वळते. यात यंत्राचा दोष काही नसतो.

मी टाकी रिकामी केली, तळातला काळा गाळ हातांनी उपसला, नवे तेल पाण्यात मुरवले, गाइड कामाच्या जवळ आणले, ब्रश आणि पाते बदलले. नव्या पात्याला पहिले काही काप अगदी हलक्या दाबाने द्यायचे असतात, हे वर्षाला सांगितले. धारेचे टोक फार तीक्ष्ण असते आणि जे फार तीक्ष्ण असते ते लवकर तुटते. ती मन लावून ऐकत होती. मग हात पुसता पुसता तिने अगदी सहज विचारले, की अक्षय्यतृतीयेला पहिलं बटन तुम्हीच दाबा ना काका. बाबांना म्हटलं तर ते नाही म्हणून राहिले. तुम्हाला तर माहीतच आहे त्यांचं, ती हसून म्हणाली. तुमचा हातगुण चांगला आहे, सगळे म्हणतात.

मी पाना पिशवीत ठेवला. पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो, ती तिथे, त्या वाक्यात, माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती.

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होत असे, तशी ती सगळीकडेच होते. पण आमच्याकडे दोन प्रघात होते. एक म्हणजे बोथट शस्त्राची पूजा करायची नाही, म्हणून करवतीला आदल्या दिवशी नवे पाते चढवायचे. दुसरा म्हणजे यंत्राची पूजा रिकाम्या तोंडाने करायची नाही. लेथच्या जबड्यात एखादा तुकडा असायचा, ड्रिलला बिट असायचे, आणि करवतीच्या शिकंज्यात सळई. उपाशी यंत्र वर्षभर उपाशी राहते, असे जुने लोक म्हणत. दोन्ही प्रघात आपापल्या जागी सुंदर होते. त्या वर्षी ते एकमेकांच्या वाटेत आले, आणि मी त्यांना येऊ दिले.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी करवतीवर एक जाड, गोल सळई लावलेली होती आणि तिच्या अर्ध्यावर जुने पाते बोथट होऊन थांबले होते. मी ते उतरवले आणि नवे चढवले. आता ज्याने हे काम केले आहे त्याला मी पुढचे सांगायची गरज नाही, पण ज्याने केलेले नाही त्याच्यासाठी सांगतो. झिजलेल्या पात्याने केलेली खाच अरुंद असते. नव्या पात्याचे दात दोन्ही अंगांना अधिक फाकलेले असतात, त्यांना रुंद वाट लागते. नवे पाते जुन्या खाचेत घातले की ते आत रुतते, दात उडतात, आणि पुष्कळदा पातेच तुटते. म्हणून अशी अर्धी कापलेली सळई फिरवून घ्यायची आणि दुसऱ्या बाजूने नवा काप सुरू करायचा. शिकाऊ फिटरलाही हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मी ते कितीतरी जणांना शिकवले होते. पण सळई जड होती, ती उचलणारी माणसे झेंडूची फुले आणायला गेली होती आणि शिकंजा रिकामा ठेवायचा नव्हता. मी करवतीचा हात खाली आणून पाते खाचेत अलगद टेकवले, दिसायला नीट दिसावे म्हणून. म्हटले, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हायच्या आधी येऊन फिरवून घेऊ.

त्या सकाळी मी उशिरा पोहोचलो. का उशीर झाला ते आता आठवत नाही, आणि आठवले तरी ते कारण त्या गोष्टीइतके मोठे नसणार. पहिल्या कापासाठी सगळे करवतीभोवती जमलेले होते. कामगारांच्या बायकाही आल्या होत्या. मालकांच्या वृद्ध आई आरतीचे तबक घेऊन उभ्या होत्या आणि त्यांनीच ठरवले होते की यंदा पहिले बटन श्रावण दाबेल, कारण त्याच्या घरी नुकतीच लक्ष्मी आली होती. ती लक्ष्मी, म्हणजे वर्षा, आईच्या खांद्यावर झोपलेली होती. श्रावणने पांढरा सदरा घातला होता. करवतीवर बसून त्याला फार दिवस झाले नव्हते, पण त्याचा काप असा सुबक येई की तपासणारा माणूस त्याच्या तुकड्यांना गुण्या लावायचे विसरून जाई. कपाळावर कुंकू लावून तो बटनासमोर उभा होता आणि शिकंज्यात ती सळई होती, तशीच, अर्धी कापलेली. माझे पाते तिच्या खाचेत.

एक शब्द पुरला असता. थांबा. पण मुहूर्ताच्या वेळी टोकू नये, हे आमच्या अंगात इतके मुरलेले असते की तोंड उघडण्याआधीच जीभ मागे फिरते. आरतीचे तबक फिरत होते. मी स्वतःला सांगितले की कधी कधी रुतत नाही, कधी कधी पाते आपली वाट करून घेते. हे खोटे आहे हे मला माहीत होते. श्रावणने हात जोडले, बटन दाबले आणि वॉल्व्ह उघडला.

पाते तुटल्याचा आवाज गोळी सुटल्यासारखा येतो. कुणाला लागले नाही. पात्याचा तुटका पट्टा झाकणाच्या आत आपटून थांबला. झेंडूची माळ मधोमध तुटली आणि फुले तेलपाण्यात पडून केशरी रंग पसरू लागला. समई कलंडली होती. त्या शांततेत मूल रडायला लागले. मालकांनी माझ्याकडे पाहिले, कारण यंत्राचे उत्तर देणारा मीच होतो, आणि विचारले की काय झाले. मी म्हणालो, वॉल्व्ह एकदम जास्त उघडला गेला असेल, करवतीचा हात दाबून उतरला.

एवढेच बोललो. कुणाचे नाव घेतले नाही. पण वॉल्व्हवर हात श्रावणचाच होता. मालकांच्या आई तबक खाली ठेवीत हलक्या आवाजात म्हणाल्या, "याच्या हाताले यश नाही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हवा कशी आहे ते सांगावे तसे त्यांनी सांगितले, आणि हवेसारखेच ते सगळीकडे पसरले.

श्रावणला करवतीवरून काढले, असे कुणी म्हटले नाही. त्याला काही दिवस माल उतरवायला पाठवले, मग ते काही दिवस संपलेच नाहीत, आणि पुढे तो फाटकावर बसू लागला. पोरे गमतीने म्हणत, श्रावणजी, आज आमच्या गाडीले हात लावू नका गा, पंक्चर होईन. आणि तोही हसत असे. त्याचे हसणे इतके मोकळे होते की मला वाटे, याला काही वाटत नसावे. ज्याला सोय हवी असते त्याला असे फार लवकर वाटते. करवतीवरचा दसऱ्यानंतरचा पहिला काप त्यानंतर दर वर्षी मला देण्यात आला. पाते कधी तुटले नाही. तुटण्याचे कारणच नव्हते. माझ्या हाताला यश आहे असे लोक म्हणू लागले. श्रावणनेही तसेच मानले. त्याच्या घराची पहिली वीट त्याने मला ठेवायला लावली. वर्षा शाळेत जाणार होती तेव्हा तिचा हात धरून पाटीवर पहिले अक्षर काढायला त्याने मला बोलावले. तिची बोटे पेन्सिलीभोवती घट्ट मिटलेली होती, तिच्या मुठीवर माझी मूठ, आणि श्रावण दाराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून कौतुकाने पाहत होता. आत का येत नाहीस, असे मी विचारले नाही. मला उत्तर ठाऊक होते. तिच्या लग्नात कन्यादान त्याच्या धाकट्या भावाने केले. मी अक्षता टाकल्या आणि जेवलो.

माणूस इतकी वर्षे अशा गोष्टीबरोबर कसा राहतो, असे वाचणाऱ्याला वाटेल. टोचणी फार दिवस टोचत नाही हे त्याचे उत्तर आहे. आधी ती रोज टोचते, मग कधीतरी, आणि मग त्या जागी एक घट्टा पडतो, यंत्रावर काम करणाऱ्याच्या तळहाताला पडतो तसा. तिथे सुई खुपसली तरी कळत नाही. घट्टा म्हणजे जखम बरी झाली असे नव्हे, हे मला फार उशिरा कळले. आणि कळले तेव्हाही ते कळण्याला वेदना नव्हती.

करवतीचे काम आटोपून मी शेडमधून पुढच्या घराकडे आलो. श्रावण आणि त्याची बायको शांता तिथेच, वर्षाच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत राहतात. ओसरीच्या सावलीत श्रावण दुसऱ्या कूलरच्या जाळीत वाळा भरत बसला होता, आणि शांतावहिनी बाजेवर पसरलेल्या वाळत्या कुरडया एकेक करून उलटत होत्या. त्यांनी मला माठातले पाणी दिले. मी बसलो. वाळ्याच्या काड्या श्रावणच्या पायांशी पसरल्या होत्या. उन्हाची तिरीप ओसरीच्या कडेपर्यंत येऊन थांबली होती. मी काही ठरवून आलो नव्हतो. पण दोन दिवसांनी मला पुन्हा ते बटन दाबायचे होते आणि तो पुन्हा दाराबाहेर उभा राहणार होता, एवढेच डोक्यात होते, आणि मी बोलून गेलो.

"श्रावणजी, त्या दसऱ्याचं ब्लेड तुमच्यानं नाही तुटलं. सळई अर्धी कापलेली होती, आणि नवं ब्लेड मी जुन्या खाचेत ठेवलं होतं. मला माहीत होतं. मी बोललो नाही."

त्याचे हात थांबले नाहीत. तो जाळीच्या एका कोपऱ्यात वाळा दाबत राहिला, मग दुसऱ्या. मला वाटले ऐकू गेले नसावे. मग तो जाळीकडेच पाहत म्हणाला, "खाच मले दिसली होती."

मी त्याच्याकडे पाहिले.

"बटन दाबायच्या आधीच दिसली होती गा भाऊ. म्हटलं, मोरूभाऊनं ठेवलं हाय, म्हंजे बरोबरच असन."

तो पुन्हा वाळा दाबू लागला. शिवी दिली नाही, काहून म्हणून विचारले नाही. मी ज्या कशासाठी इतकी वर्षे मनाने तयारी केली होती, त्यातले काहीच घडले नाही, आणि जे घडले त्यासाठी माझी काही तयारी नव्हती. मी जर चूक झाकली असे म्हणत आलो होतो, तर तेही अपुरेच होते. त्याचे डोळे बरोबर होते. ते मी फुकट घालवले होते.

शांतावहिनी कुरडया उलटायच्या थांबल्या होत्या. त्यांनी विचारले, "भाऊजी, हे तुमाले तवापासून माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

त्या पुन्हा एक कुरडई उलटू लागल्या, आणि ती त्यांच्या बोटांत मोडली. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, श्रावणशीही नाही. बाजेवरच्या त्या पांढऱ्या जाळीदार चकत्यांशी बोलत असाव्यात असे वाटले. "यायनं देवापुढं दिवा लावला, त यायची पाठ फिरली का मी तो विझवत होती. अन् माह्या हातानं पुन्हा लावत होती. रोज."

"माहीत हाय मले," श्रावण म्हणाला.

"माहीत होतं?"

"तेलाचा वास येते ना वं, वात विझवली का."

त्या तिथेच खाली बसल्या. श्रावण उठला. गुडघ्यावर हात देत, हळूहळू. मला वाटले तो माझ्याकडे येतो आहे. तो बाजेकडे गेला आणि तिच्या वाट्याच्या कुरडया उलटू लागला, एकेक, कडेला धरून, न मोडता. आणि बराच वेळ तसाच उलटत राहिला. मला कुणी जा म्हटले नाही, बस म्हटले नाही. मी गुन्हा कबूल करायला आलो होतो आणि तो कबूल करताच माझ्या हातून निसटून एका बाईच्या ओटीत पडला होता, जिने आयुष्यभर संसाराला जपण्यापलीकडे काही केले नव्हते. हे मी मोजलेच नव्हते. माझ्या हिशेबात दोनच माणसे होती, मी आणि श्रावण. मी ग्लास उंबऱ्याशी ठेवला आणि मुलाला फोन करायला बाहेर उन्हात आलो.

अक्षय्यतृतीयेला मी गेलो. न जाणे सोपे होते, म्हणून गेलो. शेडमध्ये पन्हे केले होते, पितरांसाठी भरलेली घागर पुढच्या खोलीत होती, आणि करवतीला आंब्याची डहाळी बांधली होती. मी आदल्या दिवशी येऊन सळई बसवली होती, नवी कोरी, कुठे ओरखडासुद्धा नसलेली. वर्षाने मला पुढे बोलावले. मी म्हटले, श्रावणजी दाबतील. ती वडिलांकडे वळली, म्हणजे पुन्हा 'नाही' ऐकायचे या तयारीने वळली.

श्रावण पुढे आला. त्याने आधी बटनाकडे पाहिलेच नाही. तो वाकला आणि शिकंज्यातल्या सळईवरून तळहात फिरवू लागला. वरून, दोन्ही अंगांनी, मग खालून, जिथे नजर पोहोचत नाही तिथे. पूर्ण फेरी. सगळे थांबले होते. मुहूर्त जात होता आणि तो जाऊ देत होता. मी बसवलेल्या सळईवर कुठे जुनी खाच तर नाही, हे तो पाहत होता, आणि ते त्या शेडमध्ये तिघांनाच कळत होते. त्याची तपासणी पुरी झाली तेव्हा त्याने मागे उभ्या असलेल्या शांतावहिनींना बोलावले.

"इकडं ये वं. तू दाब."

त्या पदराआड मान हलवू लागल्या, माह्यानं नाही होत म्हणाल्या. बायका हसल्या. त्याने त्यांचे मनगट धरले, सर्वांदेखत, आणि त्यांचे बोट बटनावर टेकवले, आणि आपला हात काढून घेतला. त्यांच्या मनात काय चालले होते ते मी सांगू शकत नाही आणि मला सांगायचा हक्कही नाही. मग त्यांनी दाबले. पाते फिरू लागले, हात खाली उतरला, पांढरे पाणी सळईवरून वाहू लागले. श्रावण वॉल्व्हवर हात ठेवून उभा होता, नव्या पात्याला द्यावा तसा हलका दाब देत. हे त्याला सांगावे लागले नाही. तुकडा गळून पडला. वर्षाने गुण्या लावला, प्रकाशाकडे धरून पाहिला, आणि गुण्याच्या कडेखाली उजेडाची रेघ नव्हती. पेढे वाटले गेले. श्रावणने एक पेढा माझ्या हातावर ठेवला, इतरांच्या हातावर ठेवला तसाच. जास्त नाही, कमी नाही. त्याच्या चेहऱ्यावर मी काही शोधत होतो आणि तो पुढच्या माणसाकडे गेला होता.

वर्षा मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मोकळ्या भूखंडांवरून गरम वारा येत होता, वाळलेल्या गवताच्या काड्या डांबरावरून घरंगळत होत्या. ती म्हणाली, "काका, त्या दिवशी बाबांशी काय बोलले तुम्ही? आई रात्रभर बसून होती. विचारलं तर दोघंही सांगत नाही."

म्हणजे त्यांनी तिला सांगितले नव्हते. मला वाचवण्यासाठी, की ते आता त्यांच्या घरातले, त्यांचे स्वतःचे झाले होते म्हणून, मला कळले नाही. अजूनही कळत नाही. ती उत्तराची वाट पाहत होती, डोळ्यांवर हाताची सावली धरून, आणि तिच्या तोंडावर संशयाचा लवलेश नव्हता.

"काही नाही," मी म्हणालो. "मशीनबद्दल बोलत होतो."

तिने मान डोलावली आणि मशीन आता किती सरळ कापते आहे ते सांगू लागली. मुलगा आला, मी स्कूटरवर बसलो.

ते वाक्य माझ्या तोंडून किती सहज आले, याचे मला घरी पोहोचेपर्यंत आश्चर्यही वाटले नव्हते. खरे एकदा सांगितले की ते सांगून होते, असे मी धरून चाललो होतो. ते तसे नसते. ते एकेका माणसाला वेगळे सांगावे लागते, आणि एकाला सांगितल्याने दुसऱ्याला सांगणे जराही सोपे होत नाही. आता वर्षा उरली आहे. तिच्यानंतर कोण उरले आहे, ते मी अजून पाहिलेले नाही.